उपाशी आतडं

विरुपाक्षाच्या पोटात बैलाचं शिंग घुसलं तेव्हा दाक्षायणी दुधनीच्या घरी अंगणात तूर पाखडत बसली होती. पंच्याहत्तर सालची संक्रांत नुकतीच झाली होती. सोलापुरात सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरला होता आणि घरच्या एकट्या बैलाला जोडीदार बघावा म्हणून विरुपाक्ष जनावरांच्या बाजारात गेला होता. ज्या खोंडाचे दात तो बघत होता तो बिचारा गरीब होता. पण शेजारच्या दावणीचा बैल कशाला तरी बुजला, दावं तोडून वळला आणि वाटेत आलेल्या माणसाला त्यानं शिंगावर घेतलं.

सासूला, गुरम्माला, घेऊन दाक्षायणी गाडीनं सोलापूरला पोचली तोवर डॉक्टर तोरव्यांच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया होऊन गेली होती. माणूस जिवंत होता. पांढराफटक पडला होता, नाकात नळी होती, पण छाती वरखाली होत होती. तोरवी पन्नाशीचे, बारीक अंगाचे गृहस्थ. त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि न घाबरवता, न काही लपवता सांगितलं.

"मोठं आतडं डाव्या बाजूला फाटलं होतं, पोटात घाण पसरली होती. अशा वेळी लगेच शिवलं तर टाके धरत नाहीत. म्हणून आतड्याची दोन्ही टोकं पोटावर काढून ठेवलीत. वरच्या तोंडातून शौचाला होईल. खालच्या तोंडाला सध्या काही काम नाही. उन्हाळा सरला की दोन्ही परत जोडू."

"तोवर पोटातनंच?"

"तोवर पोटातूनच."

गुरम्माला मराठी धड कळत नव्हतं. तिनं कानडीत विचारलं, काय म्हणतो डॉक्टर? दाक्षायणी म्हणाली, जगतोय म्हणतात. बाकीचं तिनं म्हातारीला दोन दिवसांनी सांगितलं.

दुधनीला आणल्यावर खरे हाल सुरू झाले. आता मिळतात तसल्या चिकटणाऱ्या पिशव्या तेव्हा कुणी बघितल्याही नव्हत्या. जुन्या लुगड्याच्या घड्या करायच्या, त्या वरच्या तोंडावर ठेवायच्या आणि कमरेला फडकं आवळायचं. भोवतीची कातडी सोलून निघायची. ती पांढरं मलम लावायची, तो दात आवळून छताकडे बघायचा. सगळ्यात वाईट म्हणजे त्या तोंडावर माणसाची सत्ता नव्हती. बोलता बोलता पोटातून आवाज यायचा, वास सुटायचा, आणि समोरचा माणूस काही झालंच नाही असं दाखवत उठायचा.

विरुपाक्ष अडत्याच्या दुकानात बसणारा माणूस. त्याचा आवाज पेठेच्या त्या टोकाला ऐकू जायचा. त्यानं दुकानाची पायरी चढणं सोडलं. मग सोप्यात बसणं सोडलं. एके दिवशी अंथरूण उचलून गोठ्यात गेला आणि तिथंच राहू लागला. गळ्यातलं इष्टलिंग त्यानं काढलं नाही, पण तळहातावर घेऊन पूजा करायचं थांबवलं. गुरम्मानं त्याचं ताट निराळं केलं, आणि ते त्यानं बघितलं.

मग तो जेवेनासा झाला. दाक्षायणी भाकरी घेऊन जायची, तो अर्धी मोडून बैलापुढं टाकायचा.

"का असं करताव?" तिनं एकदा विचारलं.

"खाल्लं की येतंय. न्हाई खाल्लं तर येत न्हाई."

तिनं ताट उचललं. उन्हाळा सरायची वाट बघायची, एवढंच दोघांच्या हातात होतं.

पण वैशाखातच तिला धोतरावर डाग दिसले. पोटावरच्या तोंडाखालचे नव्हते ते. जी शौचाची मूळची वाट, जिथून महिनोन्महिने काहीच जात नव्हतं, तिथून शेंबडासारखं काही येत होतं आणि त्यात रक्त होतं. त्यानं ते कितीतरी दिवस दडवलं होतं. तिनं धोतर पुढं धरलं तेव्हा तो म्हणाला, "कळ येतीया. सारखं जायला झाल्यागत वाटतंय, आन जायाला तर काय न्हाईच की."

डॉक्टर तोरव्यांनी नळी घालून आत बघितलं. बाहेर येऊन त्यांनी हात धुतले.

"आतलं अस्तर लाल झालंय," ते म्हणाले. "नुसता कापूस लावला तरी रक्त येतंय. आता जोडलं तर टाके उसवतील, आणि पोटात पुन्हा घाण पसरली तर या वेळी तो वाचायचा नाही."

जोडायचं लांबलं. शौच तपासलं, रक्त तपासलं, क्षयाचं काही आहे का बघितलं. काही सापडलं नाही. सुजेवरच्या गोळ्या सुरू झाल्या. पोटाला आराम म्हणून नुसतं दूध आणि मऊ भात सांगितला. रोज दाखवायला सोपं म्हणून दाक्षायणीनं सोलापुरातच बाळीवेशीत बसम्मा नावाच्या लांबच्या आत्याच्या घरी मागची खोली घेतली आणि तिघं तिथं येऊन राहिली. आषाढ गेला. गोळ्या बदलल्या. रक्त थांबलं तर नाहीच, वाढलं. विरुपाक्षाच्या गालाची हाडं वर आली. सकाळी लुगड्याच्या घड्या धुवायला नळावर गेलं की बाकीच्या बिऱ्हाडकरणी घागरी उचलून बाजूला व्हायच्या. बसम्मा भली बाई, पण तीही एकदा म्हणाली, "दाक्षा, अंधार असताना धूत जा गं. पोरंसोरं हायती."

पुण्याहून एक वयस्क सर्जन महिन्यातून एकदा तोरव्यांकडे अवघड रोगी बघायला यायचे. त्यांनी विरुपाक्षाला तपासलं आणि दाक्षायणीच्या देखतच निकाल दिला. हा आतड्याचा जुनाट रोग आहे. जखमेचं निमित्त झालं, रोग आता वर आला. खालचा सगळा भाग काढून टाका.

"मंग जोडायचं कसं?" दाक्षायणीनं विचारलं.

"जोडायचं नाही. वरचं तोंड कायमचं राहील. माणसं जगतात तशी."

विरुपाक्ष खाटेवर पडून ऐकत होता. परतताना टांग्यात तो बाहेर बघत राहिला, आणि तिला भीती वाटली, कारण त्याच्या चेहऱ्यावर चीडही नव्हती.

चार दिवसांनी ती औषध घेऊन परत आली तर खोली मोकळी होती. गुरम्मा भिंतीला टेकून पेंगत होती. बसम्मानं सांगितलं, शाल घेऊन गेला, जरा पाय मोकळे करतो म्हणाला.

ज्या माणसाला उंबरा ओलांडायची लाज वाटते तो पाय कुठं मोकळे करणार? दाक्षायणीनं औषधाची बाटली तिथंच ठेवली आणि ती आधी सिद्धेश्वराच्या तळ्याकडे पळाली. काठावर धुणारी माणसं होती, पोरं पोहत होती. तिनं दोघातिघांना विचारलं, शालवाला माणूस बघितला का? मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे, ती वळली आणि स्टेशनची वाट धरली.

तो रायचूरकडच्या फलाटावर बाकावर बसला होता. शाल पोटावर घट्ट गुंडाळलेली. फलाटावर गर्दी होती, पण त्याच्या बाकावर दुसरं कुणी नव्हतं. शेजारच्या बाकावर मात्र माणसं दाटीवाटीनं बसली होती.

ती जाऊन त्याच्याजवळ बसली. धाप लागली होती, ती थोडी जाऊ दिली.

"कुटं चाललाव?"

"श्रीशैलला."

"आन तितनं?"

त्यानं शाल आणखी आवळली. "तितं लई जंगल हाय," म्हणाला.

तिनं रडारड केली नाही, कारण तेवढं बळच तिच्यात उरलं नव्हतं. तिला एकदम फार थकल्यासारखं झालं. गेले कित्येक महिने आपण या माणसाच्या पोटाकडे बघतोय, चेहऱ्याकडे बघितलंच नाही, असं तिला वाटलं. दाढी वाढली होती. कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

"जावा," ती म्हणाली. "पर अव्वाला तुमी सांगून जावा. मला न्हाई जमायचं. ती विचारील, माझं पोरगं कुटं हाय, तर मी काय सांगू? जंगलात हाय म्हनू?"

"त्या बैलानं तितंच पाडायला पायजे हुतं मला."

"न्हाई पाडलं की पर."

गाडी आली. माणसं चढली, उतरली. विरुपाक्ष उठला, आणि उठताक्षणी फडक्यातून ओल शालीवर उमटली. त्यानं खाली बघितलं. दोन पावलं टाकली आणि तो फलाटाच्या मधोमध उभा राहिला, हात पोटावर धरून, जत्रेत हरवलेल्या पोरासारखा. दाक्षायणीनं आपल्या पदराचं टोक त्याच्या कमरेभोवती गुंडाळलं. गाडी सुटली तेव्हा दोघं जिन्याच्या आडोशाला उभी होती, आणि तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून आवाज न करता रडत होता.

पंचाक्षरी, दाक्षायणीचा थोरला भाऊ, अक्कलकोट तालुक्यात जनावरांचा डॉक्टर होता. सरकारी नोकरी, सायकलवर गावोगाव फिरायचं. श्रावणात तो बहिणीला भेटायला बाळीवेशीत आला. विरुपाक्ष भिंतीकडे तोंड करून पडला होता. पंचाक्षरीनं बहिणीला सगळं खोदून खोदून विचारलं. खालच्या भागात काही जातं का? वरून काही उतरतं का? कधीपासून काही नाही?

"बैल शिंग मारला तवापासनं. काईच न्हाई जात."

पंचाक्षरी विचारात पडला. "मी माणसांचा डॉक्टर न्हाई, दाक्षा. पर एक गोष्ट डोक्यात येतीय. वासराला नुसतं दूध पाजत ऱ्हायलं तर त्याचं मोठं पोट वाढतच न्हाई. आतनं गुळगुळीत, पातळ ऱ्हातंय. कडबा खायला लागलं, तो आत आंबला, की त्याची आम्लं होतेत. खवट लोण्याला वास येतोय न्हाई, त्या जातीचं एक आम्ल असतंय त्यात. त्यावर पोटाचं अस्तर पोसतंय. नुसत्या रक्तावर न्हाई भागत त्याचं. आतनं पन खायला लागतंय."

"मंग?"

"मंग काय की. माणसाचं पोट बैलाचं न्हवं. पर मोठ्या आतड्यात पन जंतू असतेत, तितं पन आंबतंय. यांचं खालचं आतडं गेल्या पौषापासनं उपाशी हाय. रोग म्हणून सुजलंय, का उपाशी म्हणून? एवढं त्या डॉक्टरला इचारावं वाटतंय."

तोरव्यांपुढं बोलताना पंचाक्षरी चाचरत होता. डॉक्टर रागावतील, माणसाची तुलना वासराशी करतो म्हणतील, असं दाक्षायणीला वाटलं. पण तोरव्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि त्याला ते सगळं पुन्हा सांगायला लावलं.

"मलाही पुण्याच्या सर्जनांचा निकाल पटलेला नाही," ते शेवटी म्हणाले. "मी वरच्या तोंडातूनही नळी घालून बघितलंय. तिथलं अस्तर स्वच्छ आहे. जुनाट रोग असता तर तो बरोबर माझ्या सुरीपाशी येऊन थांबला कसा? हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, थांबतो कधी कधी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "उपाशी आहे का ते मला माहीत नाही. पुस्तकात असं कुठं वाचलेलं नाही. पण तुम्ही म्हणता तसं असेल, तर त्याला जेवू घालून बघता येईल."

"कसं?" दाक्षायणीनं विचारलं.

त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मग नजर टेबलावर नेली. "वरच्या तोंडातून जे येतं, तेच. मीठ घातलेल्या कोमट पाण्यात कालवायचं, गाळायचं आणि नरसाळं लावलेल्या रबरी नळीनं खालच्या तोंडातून आत सोडायचं. लहान आतडं तुटलेल्या एका रोग्याला आम्ही असं केलं होतं. वाट मोकळी आहे, ते मी बघितलंय. रोज करावं लागेल, आणि बरेच दिवस. माझ्या नर्स हे करणार नाहीत. सांगितलं तर नोकरी सोडून जातील. आणि याचा उपयोग होईलच असं मी सांगू शकत नाही."

बाहेर कुणीतरी कंपाउंडरशी वाद घालत होतं.

"मी करते," दाक्षायणी म्हणाली. "मला एकदा करून दाखवा."

तोरव्यांनी स्वतः दाखवलं. नळी किती घालायची, कुठं अडली तर जोर करायचा नाही, पाणी हाताच्या मनगटावर टाकून कसं बघायचं. दूधभात बंद झाला. ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, गवार, शेंगदाण्याची चटणी, सगळं पहिल्यासारखं खायला सांगितलं. उपाशी आतड्याला दुधातून काय मिळणार, असं पंचाक्षरी म्हणाला होता, ते त्यांनी मान्य केलं.

गुरम्माला जेव्हा कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. जी घाण देवानं बाहेर टाकायला सांगितली ती पोटात परत घालायची? कुठल्या शास्त्रात लिहिलंय हे? तिनं कपाळाचं भस्म पुसलं, पुन्हा लावलं, आणि सून त्या कामाला बसली की ती उठून गल्लीत जाऊन बसू लागली. दाक्षायणीच्या हातचं पाणी तिनं बंद केलं.

पहिल्या दिवशी सगळं बाहेर आलं. नळीच्या बाजूनं उलटून अंथरुणावर, दाक्षायणीच्या हातांवर, लुगड्यावर. ती मोरीत जाऊन ओकली, चूळ भरून परत आली आणि पुन्हा कालवायला बसली. विरुपाक्षानं डोळ्यांवर हात घेतला होता.

"सोड दाक्षा," तो म्हणाला. "हे कुनाच्या नशिबी येऊ नये."

"जरा डाव्या कुशीवर व्हा."

दुसऱ्या दिवशी थोडं राहिलं. मग रोज थोडं थोडं जास्त. नळी हलकी धरायची, नरसाळं फार उंच न्यायचं नाही, घाई करायची नाही, हे तिचं तिला कळत गेलं. पण कळा वाढल्या. तो गुडघे पोटाशी घेऊन घामाघूम व्हायचा. आणि आठवड्याभरात रक्त आणखी वाढलं. एका सकाळी तर खाली घातलेल्या घडीवर नुसतं लालच होतं. दाक्षायणी ती घडी हातात धरून मोरीत बसली. आपण नवऱ्याला आपल्या हातानं मारतोय, असं तिला स्पष्ट वाटलं. भावाच्या एका बोलण्यावर, वासराच्या पोटावरून, आपण हा खेळ मांडला. डॉक्टर तरी म्हणाले होते का, होईल म्हणून? तसं तर ते म्हणाले नव्हते.

ती घडी घेऊन तशीच दवाखान्यात गेली. तोरव्यांनी बघितलं. त्यांचाही चेहरा उतरला.

"थांबवायचं का?" तिनं विचारलं.

"थांबवलं तर मला खालचं काढावं लागेल. त्याच्या आत्ताच्या ताकदीत ते त्याला झेपेल असं वाटत नाही." त्यांनी घडी पुन्हा उजेडात धरली. "पाणी वाढवा, ते पातळ करा. आणखी एक आठवडा द्या. तुम्हांला जमणार असेल तर."

जमणार का, हा प्रश्न तिला कुणी पहिल्यांदाच विचारला होता. तिनं हो म्हणून मान हलवली. घरी येऊन तिनं पाणी कोमट करायला ठेवलं, आणि मागं वळून बघते तर गुरम्मा खोलीतच होती. म्हातारी बाहेर गेली नव्हती. तिनं पदर खोचला होता आणि तिच्या हातात गाळायचं फडकं होतं.

"मी धरते," ती कानडीत म्हणाली. "तू नळी बघ."

त्या दिवसापासून दोघी मिळून करू लागल्या. म्हातारी फडकं ताणून धरायची आणि ओठांत 'नमः शिवाय' म्हणायची, म्हणजे जे करायचं ते तिनं हातानं आणि देवाच्या नावानं, दोन्हीकडून केलं. विरुपाक्ष आईकडे बघायचा नाही, पण आता त्यानं डोळ्यांवर हात घेणंही सोडलं होतं.

गौरी-गणपतीच्या सुमाराला दाक्षायणीच्या लक्षात आलं की घडीवर शेंबूड आहे, पण लाल नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं लाल होतं. मग दोन दिवस नव्हतं. असं मागंपुढं होत राहिलं. ती रोज सकाळी घडी उजेडात धरून बघायची आणि मनाला बजावायची, आशा धरायची नाही. एके दिवशी विरुपाक्षच म्हणाला, "कळ न्हाई आली काल." आणि लगेच, जणू बोलल्यानं ती परत येईल, तसा गप्प बसला.

दसऱ्याच्या आधी तोरव्यांनी नळी घालून बघितलं. त्यांनी दाक्षायणीला आत बोलावलं, बॅटरीचा उजेड धरला आणि म्हणाले, बघा. तिला बघायची भीती वाटली, तरी तिनं डोळा लावला. आत फिकट गुलाबी, ओलसर, लहान बाळाच्या हिरडीसारखं दिसत होतं. तोरव्यांनी कापसाचा बोळा त्यावरून फिरवून बाहेर काढला. बोळा पांढरा होता.

"आता जोडतो," ते म्हणाले. "धोका अजून आहेच."

शस्त्रक्रिया झाली. आणि मग जे सगळ्यात अवघड असतं ते सुरू झालं, वाट बघणं. टाके धरले की नाही हे बाहेरून कळत नाही. वारा सरला, शौचाला झालं, तर धरले. पोट फुगलं, ताप चढला, तर नाही. विरुपाक्षाचं पोट फुगलं. तिसऱ्या दिवशी ताप आला. तोरवी सकाळी आले, दुपारी आले, पोटावर हात ठेवून गेले. गुरम्मा दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. पंचाक्षरी रजा काढून आला आणि बहिणीसमोर यायला धजेना.

"माझ्यामुळं झालं तर," तिनं व्हरांड्यात गाठल्यावर तो म्हणाला.

"तुझ्यामुळं न्हाई, अण्णा. मीच म्हनले करते म्हणून."

विरुपाक्षाला ग्लानी होती. मधेच त्यानं डोळे उघडले आणि तिचा हात शोधला. "तळव्याला वास हाय का गं अजून?" असं काहीतरी पुटपुटला. तिनं आपला तळवा स्वतःच हुंगला. साबणाचा वास होता. तिनं तो त्याच्या कपाळावर ठेवला.

पुढच्या दिवशी ताप चढला नाही. उतरलाही नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती ओल्या फडक्यानं त्याचे पाय पुसत होती, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एकदम अवघडल्यासारखं काही आलं. मग तिनं तो आवाज ऐकला. चारचौघांत झाला असता तर लोक हसले असते. विरुपाक्ष तिच्याकडे बघत राहिला. पोटावरच्या पट्टीवर त्यानं हात ठेवला, हात खाली नेला आणि बारीक आवाजात म्हणाला, "दाक्षा, खालनं."

ती पाय पुसत होती ते फडकं तसंच हातात घेऊन ती व्हरांड्यात पळाली, तोरव्यांना हाक मारायला. संध्याकाळी त्याला शौचाला झालं. थोडंसंच, पण मूळच्या वाटेनं. बेडपॅन दाक्षायणीनं स्वतः उचललं. कुणी घ्यायला आलं तर तिनं दिलं नाही. तोरव्यांनी ते झाकण काढून बघितलं, पुन्हा झाकलं, आणि भिंतीला टेकून उभे राहिले, जसा माणूस लांबून चालत आल्यावर टेकतो.

"डॉक्टरसाहेब, उपाशीच हुतं म्हणायचं मंग?" पंचाक्षरीनं विचारलं.

"म्हणा तुम्ही," तोरवी म्हणाले. "मला सिद्ध करता येणार नाही."

ते खरंच होतं. पुढं कितीतरी वर्षांनी मोठमोठ्या देशांतल्या डॉक्टरांनी ते शोधून काढलं, की माणसाच्या मोठ्या आतड्याचं अस्तर रक्तापेक्षा आतूनच जास्त पोसलं जातं. आपण खातो त्यातला कोंडा, चोथा पचत नाही, तो तिथले जंतू आंबवतात, त्यांची आम्लं होतात आणि त्या आम्लांवर अस्तराच्या पेशी जगतात. त्यातलं सगळ्यात मोलाचं आम्ल खवट लोण्यातलंच निघालं. वाट बंद करून ठेवलेलं आतडं सुजतं आणि वाट उघडली की बरं होतं, हेही त्यांनी लिहिलं. तोवर तोरवी राहिले नव्हते.

विरुपाक्ष सुधारला, पण पहिल्यासारखा कधी झाला नाही. अडत्याच्या दुकानात पुन्हा बसू लागला, आवाज मात्र बारीकच राहिला. गर्दीत गेला की त्याचा हात आपोआप पोटावर जायचा. त्या महिन्यांबद्दल नवराबायको आपसांत बोलत नसत.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात तोरव्यांचा निरोप आला, दाक्षायणीला एकदा सोलापूरला पाठवा. ती गेली. दवाखान्यात टेंभुर्णीकडची एक बाई बसली होती, बजाबाई नावाची. तिचा नवरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली सापडला होता. त्याच्याही पोटावर दोन तोंडं होती, आणि आता खालून रक्त येत होतं. बाईला डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण तिच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. ती नुसती खाटेच्या कडेला धरून बसली होती.

"मला न्हाई व्हायाचं हे," ती दाक्षायणीला म्हणाली. "मला किळस येतीया वो. माझाच मालक हाय, तरी येतीया."

"मला बी यायची," दाक्षायणी म्हणाली. "वकले मी पयल्या दिवशी."

बजाबाईनं वर बघितलं.

"तुमचं बरं झालं का?"

"आमचं झालं. तुमचं हुईल का ते मला ठावं न्हाई." दाक्षायणीनं बांगड्या कोपराकडे सारल्या आणि पाण्याची तपेली जवळ ओढली. "पाणी आदी मनगटावर घालून बघा. गार नको, कढत नको. हं, तसं."